अमेरिकेतला जिल्हा न्यायाधीश राज्य सरकारला आदेश देऊ शकतो का? अलाबामाच्या फ्रँक जॉन्सन यांचे महत्त्वाचे निकाल कोणते?

देऊ शकतो. फ्रँक मिनिस जॉन्सन यांनी १९५५ ते १९७९ अशी चोवीस वर्षं अलाबामात तेच केलं.

आपल्याकडच्या जिल्हा न्यायाधीशाशी त्यांची तुलना करायला जाल तर काही उलगडणार नाही. आपल्या दिवाणी न्यायालयात एखादा कायदाच घटनाबाह्य असल्याचा मुद्दा निघाला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ खाली तो उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो. अमेरिकेत संघराज्याच्या न्यायव्यवस्थेची पहिली पायरीच डिस्ट्रिक्ट कोर्ट. तिथला न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते, नेमणूक तहहयात असते आणि पगारही कापता येत नाही. राज्याचा कायदा देशाच्या घटनेविरुद्ध दिसला तर तो तिथल्या तिथे रद्द ठरवतो. तेव्हा जॉन्सन समजून घेताना डोळ्यांपुढे आपला राज्यघटनेच्या कलम २२६ खाली सरकारला आदेश देणारा उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती आणा.

पण मी लिहायला बसले ती तुमच्या प्रश्नाखालच्या ओळीमुळे. तुम्ही विचारलंय, 'वेड्यांच्या दवाखान्यात किती माणसांमागे एक संडास हवा हेसुद्धा न्यायाधीशाने ठरवणं, हा अतिरेक नाही का?' माझा थोरला भाऊ अगदी हेच म्हणतो. तोही वकील, मीही वकील, आमचं ऑफिस एक, आणि या मुद्द्यावर आमचं आजपर्यंत एकमत झालेलं नाही. त्यामुळे बाकीच्या निकालांवर फार वेळ घालवणार नाही.

जॉन्सन १९१८ साली अलाबामाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ विन्स्टन काउंटीत जन्मले. यादवी युद्धाच्या वेळी राज्य देशातून फुटायला निघालं तेव्हा या काउंटीने विरोध केला होता, आणि तिथली माणसं पुढेही तो बाणा सांगत राहिली. दुसऱ्या महायुद्धात ते नॉर्मंडीत जखमी झाले. वकिली केली, सरकारी वकील झाले, आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना सदतिसाव्या वर्षी अलाबामाच्या राजधानीत, माँटगोमेरीत, न्यायाधीश नेमलं. नेमणुकीला वर्ष व्हायच्या आत त्यांच्यापुढे बसचा खटला आला, ब्राउडर विरुद्ध गेल. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा न सोडणाऱ्या रोझा पार्क्स सगळ्यांना माहीत असतात, पण या खटल्यात त्या वादी नव्हत्या. वादी होत्या ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि अटकेच्या वेळी जेमतेम पंधरा वर्षांची असलेली क्लॉडेट कोल्विन. ५ जून १९५६ ला तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक असा निकाल दिला की बसमध्ये काळ्या प्रवाशांना वेगळं बसवणं घटनाबाह्य आहे. त्या दोघांत जॉन्सन एक. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. काळ्या प्रवाशांनी बसवर टाकलेल्या बहिष्काराने शहर हलवलं हे खरंच, पण बसमधली पाटी उतरवायला न्यायालयाचा हुकूम लागला.

जॉर्ज वॉलेस हा त्यांचा विद्यापीठातला कायद्याचा वर्गबंधू. १९५८ साली वॉलेस राज्याच्या न्यायालयात न्यायाधीश होता. काळ्यांना मतदार म्हणून नोंदवतात का हे तपासायला केंद्राच्या नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीचे कागद मागितले, ते देणार नाही म्हणून त्याने जाहीर गर्जना केली. जॉन्सन यांनी नंतर सांगितलं की वॉलेस रात्री त्यांच्या घरी आला आणि छोटीशी शिक्षा द्या, राजकारणात उपयोग होईल असं सुचवू लागला. जॉन्सन यांनी नकार दिला. वॉलेसने गुपचूप दुसऱ्या वाटेने कागद पोहोचवले, आणि जॉन्सन यांनी अवमानाच्या आरोपातून त्याला मोकळं करताना निकालातच नोंदवून ठेवलं की याने आदेश पाळलेला आहे. बाहेर बहाद्दरी आणि आत शरणागती, हे कागदावर आलं. पुढे गव्हर्नर झालेला वॉलेस आयुष्यभर हे विसरला नाही. मला विचाराल तर जॉन्सन यांच्या स्वभावाची ओळख व्हायला हा एकच निकाल पुरतो.

अलाबामातलं सेल्मा तुम्हाला माहीत असेल, काळ्यांच्या मताधिकारासाठी तिथून मोर्चा निघाला होता. ७ मार्च १९६५ ला एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना झोडपलं. जॉन्सन यांनी साक्षी ऐकल्या आणि १७ मार्चला माँटगोमेरीपर्यंतच्या मोर्चाला परवानगी दिली. सरकारने संरक्षण द्यायचं, आणि रस्ता दोनपदरी होतो तिथे तीनशेपेक्षा जास्त माणसं चालायची नाहीत. त्या निकालाचं सूत्र असं की दाद मागण्याचा हक्क अन्यायाच्या आकाराएवढा असला पाहिजे, आणि इथला अन्याय प्रचंड आहे. त्याच मोर्चानंतर व्हायोला लिउझो या कार्यकर्तीला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या माणसांनी गोळ्या घातल्या. राज्याच्या न्यायालयात एक आरोपी निर्दोष सुटला होता. डिसेंबर १९६५ मध्ये जॉन्सन यांच्या न्यायालयात, गोऱ्या पुरुषांच्याच ज्यूरीने, तिघांना दोषी ठरवलं आणि जॉन्सन यांनी प्रत्येकी दहा वर्षं दिली, त्या कलमाखाली देता येत होती तेवढी.

याची किंमत त्यांनी मोजली. अंगणात क्रॉस जाळला गेला, ही क्लॅनची धमकी द्यायची रीत. १९६७ साली त्यांच्या आईच्या घरावर बाँब टाकला, सुदैवाने आई बचावली. घराभोवती कित्येक वर्षं मार्शलचा, म्हणजे केंद्राच्या न्यायालयीन पोलिसांचा, पहारा होता.

आता संडासांचं. खटल्याचं नाव वायट विरुद्ध स्टिकनी. १९७० साली अलाबामात सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं, त्या पैशावर चालणाऱ्या टस्कलूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयातल्या सुमारे शंभर कर्मचाऱ्यांना कमी केलं. कर्मचारी नोकरीसाठी न्यायालयात गेले. सोबत रिकी वायट नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा वादी होता. त्याला कसलाही मानसिक आजार नव्हता, उनाड म्हणून आत टाकलेला. त्याची मावशी ब्राइसमध्ये कामाला होती, तिचीही नोकरी गेली होती. जॉन्सन यांनी नोकऱ्यांचा मुद्दा बाजूला ठेवला आणि विचारलं, आतल्या पाच हजार माणसांचं काय? उपचारासाठी म्हणून माणसाला बंद करता आणि उपचार देत नाही, मग त्याला कोणत्या कायद्याने बंद केलंय?

१२ मार्च १९७१ ला त्यांनी सांगितलं की सक्तीने दाखल केलेल्या प्रत्येक रुग्णाला बरं होण्याची किंवा सुधारण्याची खरीखुरी संधी देणारा, त्याच्यापुरता आखलेला उपचार मिळणं हा घटनेने दिलेला हक्क आहे. लगेच दवाखाना ताब्यात घेतला नाही. सरकारला सहा महिने दिले. सहा महिन्यांत काही झालं नाही, तेव्हा १३ एप्रिल १९७२ ला ती यादी आली. आठ रुग्णांमागे एक संडास. पंधरांमागे एक न्हाणी. एका खोलीत सहापेक्षा जास्त खाटा नाहीत. प्रत्येकाचा लेखी उपचार आराखडा, ठराविक काळाने त्याचा फेरविचार. स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क. पत्रं आणि भेटी. दवाखान्याचं काम रुग्णाकडून करून घेतलं तर किमान वेतन. आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही.

हे आकडे त्यांनी मनाने काढले नव्हते. मनोविकारतज्ज्ञांच्या, मानसशास्त्रज्ञांच्या संघटना न्यायालयाच्या मदतीला होत्या, केंद्राचं न्यायखातं होतं, आणि बरेचसे निकष तर दोन्ही बाजूंनी मिळून मान्य करून दिलेले होते. हे दादा कधीच विचारात घेत नाही. याच खटल्यात मतिमंदांच्या पार्टलो संस्थेबद्दलच्या पुराव्यात आलं होतं की एका रुग्णाला बोटं चोखू नये म्हणून नऊ वर्षं हात जखडणारं जाकीट घालून ठेवलं होतं. अशा ठिकाणी न्यायाधीशाने 'माणुसकीने वागा' एवढंच लिहून सही करायची होती का?

मी यावर एवढी अडून का बसते, त्याचं कारण माझी धाकटी मावशी. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला भास व्हायला लागले, रात्र रात्र झोप नाही, बाळाला कुणीतरी नेतंय असं वाटायचं. सासरच्यांनी एका सरकारी मनोरुग्णालयात नेऊन घातलं आणि नंतर फिरकले नाहीत. मुलं त्यांनी ठेवून घेतली. आई एसटीने भेटीला जायची, सनद मिळाल्यावर मीही तिच्याबरोबर जायला लागले.

मावशी भेटीच्या खोलीत यायची ती हिरव्या झग्यात, पाठीवर लाल दोऱ्याने शिवलेला नंबर, केस पार भादरलेले. आई बोलली की आवाजाच्या दिशेने मान वळवायची, चेहऱ्याकडे बघायची नाही. आम्हाला वाटायचं औषधाची गुंगी आहे. एकदा आईने बेसनाच्या लाडवांचा डबा तिच्या हातात दिला, आणि तिने झाकणाची कड चाचपत चाचपत उघडली. आईने डबा बाजूला घेतला, तिच्या तोंडासमोर हात धरला आणि विचारलं, 'बोटं किती?' मावशी म्हणाली, 'ताई, चष्मा फुटला गं.' कधी फुटला हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा असलेली बाई ती. तिने किती काळ असा आंधळेपणात काढला कोण जाणे, आणि ती सगळीकडे भिंतीला धरून चालते ही नोंद आजाराचं लक्षण म्हणून झालेली होती.

मी वकील आहे म्हणून हटून बसले तेव्हा केसपेपर बघायला मिळाला. सुरुवातीच्या पानांवर डॉक्टरांचं नीट लिहिलेलं होतं: तक्रार, निदान, डोस. त्यानंतर पानामागून पान तारखेचा शिक्का आणि तीनच अक्षरं, सी.एस.टी. कंटिन्यू सेम ट्रीटमेंट, म्हणजे आहे तेच उपचार चालू ठेवा. वर्षं बदलत होती, शिक्क्याची शाई बदलत होती, अक्षरं तीच. सही कुणाची ते वाचता येत नव्हतं. मधे कुणी तिच्याशी बोललं, तिला तपासलं, याची एक ओळ नाही.

एलएल.एम.च्या अभ्यासात वायटचा निकाल मी वाचला होता, ती निकषांची यादी असलेल्या त्याच्या परिशिष्टाची झेरॉक्स माझ्या फायलीत होती. ती काढली आणि मराठीत अर्ज लिहिला. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा तेव्हा लागू झालेला होता, त्याखाली तपासणीला येणाऱ्या अभ्यागत मंडळापुढे तो ठेवायचा होता. रुग्णाचं आजचं निदान काय? शेवटचं कधी आणि कोणी तपासलं? उपचाराचा लेखी आराखडा असल्यास नक्कल द्यावी. घरी सोडण्यासाठी तिच्यात कोणता बदल व्हायला हवा आहे? डोळे केव्हा तपासले? ती कोठीत रोज गहू निवडते, त्याचा मोबदला कुठे जमा होतो? यातला एकही मुद्दा मी शोधून काढलेला नाही. सगळे त्या झेरॉक्सवरून उचललेले.

दादाने अर्ज वाचला आणि म्हणाला, 'याला कायद्याचा आधार काय? दवाखाना चालवणं डॉक्टरांचं काम. गहू निवडायचे पैसे मागतेस, हसतील तुला.' मी म्हटलं, हसू देत. आईने अर्जावर सही केली, तिला सही करताना मी बघत होते, तिने पेन एवढं दाबलं की खालच्या कार्बनचा कागद फाटला.

मंडळाच्या बैठकीत अर्ज वाचला गेला आणि उत्तर देण्यासाठी का होईना, एका डॉक्टरीणबाईंना मावशीला समोर बसवून तपासावं लागलं. पहिल्यांदा डोळे तपासले. चष्मा आला. मग त्यांनी औषधं उतरवत आणली. काही महिन्यांनी मावशी आईच्या सहीवर घरी आली. आजार गेला नव्हता, गोळी शेवटपर्यंत होती, मधे दोनदा त्रासही उचलला. पण घरात सकाळचा पेपर आधी तिच्या हातात जायचा, दुधाचा हिशोब तीच ठेवायची आणि दूधवाल्याला दहा पैशांनी सोडायची नाही. थोरला मुलगा कॉलेजात असताना पत्ता शोधत आला, त्याला तिने ओळखलं.

दादाचं म्हणणं असं, की हे माणुसकीने झालं, कायद्याने नव्हे. ती डॉक्टरीणबाई चांगली निघाली म्हणून. मी म्हणते, चांगली माणसं तिथे आधीही असणारच. त्यांच्यापुढे उत्तर मागणारा कागद नव्हता. अलाबामातलं उदाहरण घ्या. तिथला मानसिक आरोग्य खात्याचा प्रमुख स्टोनवॉल स्टिकनी, ज्याच्या नावाने हा खटला ओळखला जातो, तो स्वतः मनोविकारतज्ज्ञ होता आणि सुधारणा हव्यात या मताचा होता. तरी त्याच्या दवाखान्यात रुग्णाच्या जेवणावर दिवसाला पन्नास सेंट खर्च होत होते, कारण विधिमंडळ पैसा देत नव्हतं. सज्जन अधिकाऱ्याला आपल्याच सरकारकडून पैसा सोडवून घ्यायला न्यायालयाचा आकडा हातात लागतो. 'पुरेशी सोय करावी' या आदेशाने एक संडास बांधला जात नाही. 'आठांमागे एक' म्हटलं की मोजता येतं, आणि मोजता आलं की अवमानाची नोटीस काढता येते. जॉन्सन यांचीही हीच तक्रार असायची की राज्यातले पुढारी अवघड निर्णय मुद्दाम न्यायालयाच्या गळ्यात टाकतात आणि वर न्यायालयाला शिव्या घालून मतं मिळवतात.

तुरुंगांच्या खटल्यातही तेच. १९७६ साली पग विरुद्ध लॉक मध्ये त्यांनी प्रत्येक कैद्यामागे साठ चौरस फूट जागा ठरवून दिली आणि गर्दी कमी होईपर्यंत नवे कैदी घ्यायला मनाई केली. वॉलेसने थयथयाट केला. पण आत माणसं रात्री जिवाच्या भीतीने झोपत नव्हती, हा पुरावा कुणी खोडला नाही.

आणखी दोन निकाल लोक विसरतात म्हणून सांगते. हवाई दलातल्या लेफ्टनंट शॅरन फ्रॉन्टिएरो यांना नवऱ्यासाठी भत्ता हवा होता. पुरुष अधिकाऱ्याला बायकोसाठी तो आपोआप मिळायचा, बाईला नवरा आपल्यावर अवलंबून असल्याचं सिद्ध करावं लागायचं. १९७२ साली तीन न्यायाधीशांच्या पीठातल्या दोघांनी ते योग्य ठरवलं, जॉन्सन एकटे विरोधात. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी जॉन्सन यांचीच बाजू उचलली. आणि अपील न्यायालयात गेल्यावर १९८५ साली त्यांनी जॉर्जिया राज्याचा समलिंगी संबंधांविरुद्धचा कायदा हार्डविकच्या खटल्यात घटनेच्या कसोटीवर घासला आणि तो मूलभूत हक्कावर घाला घालतो असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल १९८६ मध्ये फिरवला आणि २००३ मध्ये स्वतःचाच १९८६ चा निकाल चूक म्हणून रद्द केला.

जॉन्सन यांची आरती करायची नाही, म्हणून हेही सांगायला हवं. अलाबामातल्या टस्कीगी शहरातल्या काळ्या मतदारांना बाहेर ठेवण्यासाठी शहराची हद्द अठ्ठावीस बाजूंची आखली गेली, तेव्हा आपल्याला यात हात घालता येत नाही म्हणत त्यांनी दावा फेटाळला होता. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना फिरवलं. १९६१ मध्ये क्लॅनला आणि पोलिसांना ताकीद देताना त्यांनी फ्रीडम रायडर्सच्या, म्हणजे बसमधला वर्णभेद मोडायला एकत्र प्रवास करणाऱ्या काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांच्या, फेऱ्याही काही काळ थांबवल्या होत्या. आणि वायटचं प्रकरण बंद व्हायला २००३ उजाडलं, तेहतीस वर्षं. मोठे दवाखाने रिकामे झाले, पण बाहेर पडलेल्यांसाठी गावोगावी सोय तेवढी झाली नाही, त्यातले अनेक तुरुंगांत पोहोचले. जॉन्सन यांच्यानंतर त्यांच्याच खुर्चीवर नेमले गेलेले न्यायाधीश मायरन थॉम्पसन यांना २०१७ साली अलाबामाच्या तुरुंगातली मानसिक आरोग्यसेवा पुन्हा घटनाबाह्य ठरवावी लागली. दादा हे मुद्दाम सांगतो. खरं आहे. पण म्हणून १९७२ ला काही करायलाच नको होतं असं त्यावरून निघत नाही.

आपल्याकडेही १९८० च्या दशकात रांचीच्या मनोरुग्णालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला वर्षानुवर्षं लक्ष घालावं लागलं. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी गुन्हा नसताना तुरुंगात डांबलेल्या मनोरुग्णांसाठी लढा दिला, १९९३ मध्ये त्यावर निकाल आला.

तुम्ही कायद्याचे विद्यार्थी असाल तर वायटचं परिशिष्ट आणि आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २० शेजारी ठेवून वाचा. स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क, केस सक्तीने न भादरण्याचा हक्क, काम सक्तीचं नाही आणि केलं तर मोबदला, स्वच्छता, जागा. न्यायाधीशाने मोजलं तर अतिरेक म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की हा कायदा संसदेने केलेला आहे. दादाला मी हे कलम खुणा करून दिलं आहे. तो म्हणतो, संसदेने केलं ते ठीक, कोर्टाने करणं वेगळं. माझं उत्तर असं की संसदेला २०१७ उजाडेपर्यंत मावशीने चष्म्याशिवाय थांबायचं होतं का?

आणि तुमचं कुणी आत असेल म्हणून विचारत असाल, तर कलम २५ खाली वैद्यकीय नोंदींची मागणी करा. लेखी करा, पोच घ्या. नोंदीत नुसतं 'आहे तेच चालू' दिसलं तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो, त्याला वकील लागतोच असं नाही. अर्जात प्रश्न मोजके आणि तारीख मागणारे ठेवा. डोळे, दात आणि कान तपासलेत का, हे आवर्जून विचारा.